शशशृंग, खपुष्प आणि तिसरा

आमचे हे नगरला हायस्कुलात संस्कृत शिकवायचे. युद्धाची वर्षं, रेशनवर ज्वारी, तीही किडकी. मॅट्रिकची मुलं सकाळी घरी शिकायला येत, ओसरीवर बसत, आणि आत चुलीपाशी मला सगळं ऐकू येई. त्यामुळे माझं बरंच शिक्षण फुकटात झालं.

ह्यांचा एक पाठ ठरलेला होता. जगात नसलेल्या वस्तूंनाही भाषेत नावं असतात. शब्द कळतो, वस्तू मात्र शोधून सापडायची नाही. उदाहरणं तीन. शशशृंग, म्हणजे सशाचं शिंग. खपुष्प, म्हणजे आकाशातलं फूल. आणि वंध्यापुत्र, म्हणजे वांझेचा मुलगा. मुलं एका सुरात घोकायची.

सशाला ह्याचं काही वाटत नसावं. मला वाटायचं. लग्नाला दहा वर्षं होत आली होती आणि पाळणा हलला नव्हता. गल्लीतल्या बायका डोहाळजेवणाला मला बोलवत नसत, माझी मोठी परात मात्र हमखास मागून नेत. त्यांचं मी मनाला लावून घेतलं नाही. पण हे तर शिकलेसवरलेले! माझ्याच घरात, मी झटकून घातलेल्या सतरंजीवर बसून वांझेचा मुलगा, आणि एकदाही आत वळून पाहणं नाही. माझं पित्त खवळायचं.

एका बुधवारी कुणालाच नीट येईना, म्हणून ह्यांनी तो पाठ तीनदा म्हणून घेतला. मुलं गेली. शाळेआधी हे जेवायला आले, तर मी दोन पाट, दोन ताटं मांडून ठेवली होती. आमच्याकडे दोन गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, सोमवारी कर्जतचा, शुक्रवारी सोनईचा. बुधवार रिकामा असे.

"आज कुणाचा वार?" ह्यांनी विचारलं.

"वांझेच्या मुलाचा," मी म्हणाले. "सकाळपासून तीनदा बोलावलंत त्याला. उपाशी कसा पाठवू?"

आता हे चिडतील, नाहीतर शास्त्राधार देऊन माझी समजूत घालतील, अशी खात्री होती. मीही पदर खोचून उभी होते. ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तो तसाच हातात धरून बसले. आमटी गार झाली. शाळेची वेळही टळली असावी.

मग शेजारच्या पाटाकडे बघत म्हणाले, "आठवं संपत आलं त्याचं. मुंज राहिली."

मी खोचलेला पदर सोडला. इतक्या वर्षांत ह्या माणसानं ह्या विषयावर अवाक्षर काढलं नव्हतं. वर्षं मोजणारी मी एकटीच, असं मी धरून चालले होते, आणि त्याचाच राग होता.

"संपत कुठलं?" मी म्हणाले. "आत्ता कुठे आठवं लागलंय. श्रावणातला आहे तो."