भुरीला मी सोडून आलो

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही. मायला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही – म्हणूनच कदाचित तोंड उघडतंय.

माझ्या मायची एक मांजर होती. भुरी. बाप गेल्यावर माय गावाकडून आमच्या आदिलाबादच्या घरी राहायला आली, तेव्हा कपड्यांचं गाठोडं आणि ही मांजर, एवढंच घेऊन आली. तरणी होती तोवर भुरी ओट्यावरून फळीवर आणि फळीवरून खिडकीत उड्या मारायची. मग तिचं वय झालं. आधी फळी सुटली, मग ओटा. खिडकीखाली बसून नुसती वर बघत राहायची. झोपेतून उठली की मागचे पाय ताणायची, थांबायची, मग कुठं पाऊल टाकायची. मान वळवून पाठ चाटणं जमेना, तर केसांचे गोळे झाले. मायचेही गुडघे तेव्हा गेलेलेच होते. दोघी सकाळी उन्हात बसायच्या.

आमचं घर नवीन. अंगणात उतरायच्या पायऱ्या उंच. भुरीला त्या उतरता येईनात, मग ती घरातच मुतायला लागली. चटईवर, दारामागे, एकदा पाहुण्यांसाठी अंथरलेल्या गादीवर. मी शिक्षक आहे. शाळेतलं कोणी घरी येणार म्हटलं की मी आधीपासून फिनाइल शिंपडत फिरायचो. वासाची मला लाज वाटायची. एकदा तिला उचलायला गेलो तर चावली. मी तिला – हेही सांगून टाकतो – मी तिला पायानं ढकललं. माय बघत होती.

मायनं हट्ट धरला म्हणून मी भुरीला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिच्या कमरेवर नुसतं बोट ठेवलं, ती गुरगुरली. “सर, इसको दर्द है,” ते म्हणाले, “इसलिए काटती.” सांधे आखडलेत, वयानं होतं. मऊ अंथरूण द्या, उथळ घमेल्यात वाळू घालून घरातच ठेवा, औषध लिहून देतो. माणसांची गोळी मात्र चुकूनही देऊ नका. पहिल्यासारखी नाही होणार, पण आरामात राहील.

आरामात राहील. मी ऐकलं. नीट ऐकलं.

बाहेर आल्यावर स्कूटर घराकडे वळवायची होती. मी ती शहराबाहेर, गुडीहत्नूरच्या रस्त्याला घातली. आधीच ठरवलं होतं का? कोणी विचारलं असतं तर नाही म्हणालो असतो. पण मग औषध का घेतलं नव्हतं मी?

हायवेच्या कडेला एक बंद पडलेली कापसाची जिनिंग होती. तिच्या फाटकापाशी पिशवी उघडली. लोक मांजर लांब सोडून येतात आणि ते चार दिवसांनी दारात हजर होतं. ही येणार नाही, हे मला माहीत होतं. तिच्या दुखऱ्या पायांच्या भरवशावरच मी तिला तिथं ठेवलं. ती पळाली नाही. पिशवीतून बाहेर आली, पाय ताणले, थांबली. मी गाडी सुरू केली – तर माझ्या मागं चालायला लागली. आरशात दिसत होती. चालायची, बसायची, पुन्हा उठायची. मी आरसा फिरवला.

मायला सांगितलं, डॉक्टर म्हणाले काही उपाय नाही, आणि येताना पिशवीतून उडी मारून पळाली.

“उडी मारली?” माय म्हणाली. “भुरीनं?”

“हो.”

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. “तिच्यानं त उठनं नाही होत रे बाबू. उडी कशी मारली मंग?”

भ्याली असेल, मी म्हणालो.

त्या संध्याकाळी मायच्या शेजारी बसून मी पंचशील म्हटलं. पहिलंच शील प्राण्याला इजा न करण्याचं. माझा आवाज अडखळला नाही. मायचा अडखळला.

दुसऱ्या दिवशी ती काठी टेकत दवाखान्याजवळच्या गल्ल्यांतून “भुरे, भुरे” करत फिरली. मी सोबत होतो. मीही हाका मारल्या. जिथं ती नाही हे एकट्या मला ठाऊक होतं, तिथं उभं राहून. गुडीहत्नूर काही लांब नव्हतं. अजून वेळ होता. गेलो नाही.

पुढं काही वर्षांनी मायनं अंथरूण धरलं. एका सकाळी तिच्या खोलीत गेलो तर ती चादर ओढून ओला डाग झाकत होती.

“मी धुऊन टाकीन,” घाईघाईनं म्हणाली.

राहू दे माय, मी म्हणालो, चल, दवाखान्यात जाऊ, गुडघे दाखवू.

तिनं दोन्ही हातांनी खाटेचा काठ धरला. “दवाखान्यात नको नेऊ मले, बाबू. आता नाही करत मी घान.”

आपली आई आपल्याला घाबरताना तुम्ही कधी पाहिली आहे?

डॉक्टरांना घरीच बोलावलं. तिची चादर रोज मी बदलायचो, तिला मीच न्हाऊ घालायचो. पोरगा असावा तर असा, असं शेजारचे म्हणायचे. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. ओठांवर यायचं. सांगितलं तर तिला त्रास होईल, असं स्वतःला समजावायचो – पण खरं ते नव्हतं. मला शेजारच्यांचा तो पोरगा राहायचं होतं.

गेल्या वर्षी माय गेली. शेवटपर्यंत, मी उचलायला हात पुढं केला की ती आधी अंग चोरायची. मग डोळे मिटून घ्यायची, आणि धरू द्यायची.