आईनं खुरपलेला समुद्र

मी गाव सोडलं असं जळकोटात सगळे सांगतात. साफ खोटं आहे. त्या दिवशी आधी आई मला सोडून गेली. हैदराबादची बस येईना. हायवेच्या कडेला माझ्या बॅगा, दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, हातात पाण्याची बाटली, आणि निरोपाला आलेली अर्धी गल्ली ट्रकांचा धुरळा खात उभी. बराच वेळ वाट बघून आई म्हणाली, "रानात बाया खुरपायला खोळंबल्यात. पोचलीस की फोन कर." आणि निघालीसुद्धा. अमेरिकेला चाललेल्या एकुलत्या एका लेकीपेक्षा उडदातलं तण मोठं ठरलं! हा प्रसंग मी पुढं किती जेवणावळींत हातवारे करून रंगवला असेल, त्याला गणती नाही. लोक पोट धरून हसायचे.

तुम्ही जे तिकडं राहिलात, त्यांना वाटतं ही फ्लोरिडात मजेत आहे. जे माझ्यासारखे इकडं आले, त्यांना ठाऊक आहे की इथं दमायला वेगळं कारण लागत नाही. दवाखान्याच्या लॅबमधून घरी यायचं, चपला काढायच्या आणि समुद्राची उस्तवार करायची. होय, मी समुद्र पाळलाय. मुलगा कॉलेजला गेला, घर ओकंबोकं झालं. अशा वेळी लोक कुत्रं आणतात; मी हॉलमध्ये काचेची टाकी आणली, त्यात प्रवाळ आणि नारिंगी मासे सोडले. समुद्रापासून शेकडो मैलांवर वाढलेल्या बाईची हौस ती.

दादा गेले, आणि मी आईला इकडं आणलं. तिला कायमचं ठेवून घ्यायचं, ग्रीन कार्डाचे कागद करायचे, हे माझं पक्कं होतं. तिचं पक्कं नव्हतं. विषय काढला की "बघू" म्हणायची. आपल्याकडच्या आयांचं "बघू" म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको.

पहिल्याच आठवड्यात तिनं मला बादलीत मीठ कालवताना पकडलं. माशांचं पाणी बदलायचं होतं. ती दारात उभी राहून बघत राहिली. मग म्हणाली, "आपल्याकडं लोकं गोड्या पाण्यासाठी टँकरमागं पळत्यात, आन् तू गोडं पाणी खारं करायलीस व्हय?" माझा नवरा सुधाकर इतका हसला की त्याला ठसका लागला.

मोठ्या टाकीशेजारी एक लहान टाकी होती. पाणी दोन्हींतून फिरायचं, पण लहानीत मासे नव्हते. तिच्यात वीतभर बारीक वाळू, वर दिवा, आणि वाळूत लावलेलं समुद्री गवत. माशांची घाण पाण्यात विरघळते, ती हे गवत खातं. डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव त्याच्या आडोशानं सुखानं वाढतात. गवत कुरियरनं आलं होतं, ओल्या कागदात गुंडाळून. लावल्यावर पानं कुजून गेली. वाळूला हात लावायचा नसतो, ढवळली की तळात साठलेला विषारी वायू पाण्यात सुटतो; म्हणून मी महिनोन् महिने नुसती बघत बसले. नोकरी, घर, डोळ्यांवरची झोप, आणि हे बघणं. शेवटी वाळूखालून धावती मुळं पसरली, सांध्यासांध्याला बारीक हिरवे कोंब आले. त्या दिवशी मी सुधाकरला पेढे मागवायला लावले.

आई मात्र घरात सुकत चालली होती. भांडी मशीन घासायचं, कपडे मशीन धुवायचं. तिचे हात मांडीवर पडून असायचे, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे.

एका संध्याकाळी मी घरी आले तर आई खुशीत. पदर खोचलेला, कोपरापर्यंत हात ओले. घरात सडक्या अंड्यांचा वास. लहान टाकीतलं पाणी गढूळ काळं. आणि गॅलरीत, कठड्यावर, उन्हात ओळीनं मांडलेलं माझं गवत. वाळून कडकडीत.

"हराळी लई माजली हुती," ती म्हणाली. "सांधा ऱ्हायला की पुन्ना फुटती, म्हणून पार तळापतोर उकरली. तुझी भाजी ठिवलीय बघ."

भाजी म्हणजे शेवाळ. बाजूला आपोआप माजलेलं, पानापानांचं, मीच दर आठवड्याला उपटून फेकायचे ते.

ज्यानं शेतात हराळी बघितलीय त्याला कळेल. तिनं काहीच चूक केलं नव्हतं. तसंच गवत, तशीच धावती मुळं. उलथन्यानं उकरून, एकही सांधा मागं न ठेवता, पुन्हा रुजू नये म्हणून उन्हात टाकलेलं. जन्मभराचं कसब तिनं माझ्या टाकीत ओतलं होतं. मी दोन्ही टाक्यांतून पाणी फिरवणारी मोटर बंद केली, मासे वाचवले आणि म्हणाले, "बरं केलंस गं आई." नाटकं मला चांगली जमतात.

सुधाकरला जमत नाहीत. तो आला, कठड्याकडं बघितलं, आणि त्याचा चेहरा पडला. आईनं जावयाचा चेहरा वाचला.

दुसऱ्या दिवसापासून ती विचारायला लागली. दिवा लावू का? चहाचा चोथा कुठं टाकू? खिडकी उघडली तर चालंल का? मी हसून म्हणायचे, कर की गं. ती पुन्हा विचारायची. माझा जीव कातावायचा.

शेवटी कागदांचा विषय मीच काढला. या वेळी ती "बघू" म्हणाली नाही.

"मला गावाकडं सोड. इथं इचारल्याबिगर काडी उचलता येत न्हाय. इचारून जगायचं वय न्हाय माझं."

मी मात्र विचारूनच जगत आलेय. हे कुठं ठेवू, ते कसं म्हणू, मी काही चुकले का. त्यानंच माणूस दमतं, कामानं नाही. पण हे मी तिला बोलले नाही. तिकीट काढलं.

मीच पोचवायला गेले. जळकोटच्या घरात पहिल्या सकाळी आई उंबऱ्यात बसली होती. मी चुलीपाशी उभी राहून म्हणाले, "आई, चहा ठेवू का? साखर कुठंय?"

तिनं वळून बघितलं. "इचारायलीस व्हय? ह्या घरात?"

मी फळीवरचे डबे उघडायला लागले. हळद, तीळ, शेंगदाण्याचं कूट, मुगाची डाळ. आई बघत होती. साखर कुठं आहे ते तिला माहीत होतं. सापडेपर्यंत तिनं सांगितलं नाही.