पॅरिसचे जिने

डेट्रॉइटच्या विमानतळावर मला रांगेतून बाजूला काढून एका खोलीत बसवलं, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. ते २००४ साल होतं, अमेरिकेवरच्या दहशतवादी हल्ल्याला जेमतेम तीन वर्षं झाली होती. पॅरिसमध्ये कंपनीचं आठवड्याचं काम आणि नंतर शनिवार-रविवार शहर बघणं, एवढंच करून मी अमेरिकेतल्या नोकरीवर परतत होतो. पासपोर्ट टेबलापलीकडच्या अधिकाऱ्यापुढे होता. त्याने माझा कॅमेरा सुरू केला आणि एकेक फोटो पुढे सरकवू लागला.

मेट्रोचा जिना. बाहेर पडायचं दार. पुन्हा जिना. बोगद्यातली पाटी. पोलीस चौकी.

"शहर बघायला गेला होतात ना?" त्याने विचारलं. "मग हे काय आहे?"

खरं उत्तर मला ठाऊक होतं, पण ते माझं मलाच खोटं वाटत होतं.

मी तालुक्याच्या शाळेत शिकलो. घरात पदवीपर्यंत पोचलेला पहिलाच. कॉलेजसाठी पुण्याला निघालो तेव्हा वडील म्हणाले होते, "प्रत्येक वळणावर एक खूण बघून ठेव. म्हणजे परत येताना कुणाला विचारावं लागत नाही." पुण्यात रसवंतीगृह, सायकलचं दुकान अशा खुणा मिळत. पॅरिसमधल्या इमारती मला सगळ्या सारख्याच दिसल्या. फ्रेंच येत नव्हतं. कॅमेरा डिजिटल, त्यामुळे रोल संपायची भीती नव्हती. म्हणून हॉटेलपासून संग्रहालयापर्यंत प्रत्येक वळणाचा फोटो काढत गेलो.

हे मी माझ्या इंग्रजीत सांगितलं. मध्येच व्याकरण सुटलं. नोकरी, व्हिसा, बहिणीचं शिक्षण, सगळं त्या टेबलावर पणाला लागलं होतं. इथूनच परत पाठवलं तर गावात कोणत्या तोंडाने जायचं?

"आणि पोलीस चौकी?"

"हरवलो तर तिथे जायचं, म्हणून."

तो हसला नाही. "संग्रहालयात काय बघितलं?"

"चित्रं. आणि पंख असलेला, डोकं नसलेला एक दगडी पुतळा. त्याच्यासमोर तासभर बसलो."

"तासभर? का?"

"पाय दुखत होते, सर."

तो कॅमेरा घेऊन आत गेला. वीसेक मिनिटं मी हॉटेलपासूनची वळणं मनात पुन्हा मोजत बसलो. परत येऊन त्याने स्क्रीनवर एक फोटो माझ्यासमोर धरला. "याच्या आधीचा कोणता?"

"डावीकडे बेकरी. लाल छत. त्याच्याआधी हॉटेलचं दार."

त्याने बटण दाबलं. बेकरी. पुन्हा दाबलं. हॉटेल. मग त्याने शिक्का मारला.

"यापुढे नकाशा विकत घ्या."

त्याच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. त्याने माझं शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं. पण सामानाच्या फिरत्या पट्ट्यापाशी उभं राहून मी कॅमेऱ्यातला प्रत्येक फोटो पुसून टाकला. त्यात नदी होती, संध्याकाळचा मनोरा होता, तो पुतळाही होता. निवडत बसायचा धीर मला नव्हता.

बाहेर मित्र गाडी घेऊन थांबला होता. "काय रे, दोन तास! बॅग हरवली की काय?" घराकडे, नोव्हाय गावाच्या रस्त्याला लागल्यावर म्हणाला, "चल, पॅरिस दाखव."

"कॅमेरा बिघडला," मी म्हणालो.

"मग वॉरंटीत असेल यार. रिटर्न करून टाक ना!"

मी मान डोलावली.