विली उंची सांगतो

आधीच सांगून टाकतो... मी आयुष्यभर यंत्रांबरोबर काम केलं. विमानाचा पंख का थरथरतो, धातू कुठे थकतो, कुठून तडकतो, हे शोधणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग. कुणी बाधेच्या, झपाटल्याच्या गोष्टी सांगू लागलं की मी उठून चहा टाकायला जायचो. आजही या सदरातले अनुभव वाचताना माझं डोकं आपोआप कारणं शोधत असतं. पण माझ्या स्वतःच्या एका अनुभवाचं कारण मला सापडलेलं नाही. माझ्या पत्नीला, मालतीला, हे चारचौघांत बोललेलं आवडायचं नाही, म्हणून इतकी वर्षं गप्प होतो. मागच्या वर्षी ती गेली. आता लिहितो.

साठ-एकसष्ट सालची गोष्ट आहे. मी जर्मनीत ब्राउनश्वाइगला डॉक्टरेट करत होतो. मालती नुकतीच पुण्याहून आली होती, तिला दिवस गेले होते. स्टेशनपासून लांब, एका घराच्या वरच्या मजल्यावर एकच खोली, कोळशाची शेगडी, आणि जिन्यात कायम कोबीचा वास. माझा विषय होता जुन्या विमानांच्या पंखांना बसणारे हादरे. युद्धाच्या काळात बांधलेली पंख्याची विमानं तेव्हा अजून सर्रास माल वाहत होती. म्हातारी झाली होती बिचारी, आणि मधूनमधून पडतही होती. पेपरात कोपऱ्यात बातमी यायची — धुकं होतं, टेकडी होती, इतके गेले. आमच्या इन्स्टिट्यूटने मोजमापांसाठी असंच एक डाकोटा काही दिवसांपुरतं भाड्याने घेतलं. मालवाहतूक करणारी एक छोटी कंपनी होती, तिचं.

वैमानिक होते हेर लिंडनर; जर्मन 'हेर' म्हणजे आपलं श्रीयुत. पन्नाशीकडे झुकलेले, शांत, हाताची नखं स्वच्छ कापलेली. युद्धातही त्यांनी विमानं चालवली होती, पण त्याबद्दल ते बोलत नसत आणि तेव्हाच्या जर्मनीत कुणी विचारतही नसे. त्यांच्या शेजारी सहवैमानिक हेर फोग्ट, माझ्याच वयाचा, बोलघेवडा आणि मजेशीर. मी मागे, रिकाम्या केबिनमध्ये, पंखाजवळच्या खिडकीपाशी माझं यंत्र घेऊन बसायचो. मोजणी सुरू झाली की त्या दोघांना सांगता यावं म्हणून मलाही इंटरकॉमचे हेडफोन दिलेले होते. म्हणजे त्या तारेवर आम्ही तिघंच. हे नीट लक्षात घ्या.

नोव्हेंबरची सकाळ होती. हार्झच्या डोंगरांवर ढग बसलेले, आणि मला नेमकी तीच खवळलेली हवा हवी होती. आम्ही ढगात शिरलो आणि थोड्या वेळात बर्फ धरू लागला. पंख्यांच्या पात्यांवर जमलेला बर्फ सुटून विमानाच्या अंगावर आदळायचा — धाड, धाड — कुणीतरी बाहेरून पत्र्यावर मुठी मारतंय असं वाटे. खिडकीत नुसता राखाडी रंग. मी यंत्रातून सरकणाऱ्या कागदाच्या पट्टीवर नजर ठेवून होतो.

तेवढ्यात हेडफोनमध्ये कुणीतरी उंची सांगू लागलं.

"बाराशे मीटर," असं म्हणाला. जरा थांबून, "अकराशे पन्नास." नाकातला, सपाट आवाज. कंटाळलेला माणूस पाढे म्हणतो तसा. मला वाटलं जमिनीवरून रेडिओवर कुणी बोलतंय. पण रेडिओ माझ्या तारेवर येतच नव्हता. दुसरं म्हणजे आकडे मीटरमध्ये होते. आमच्या विमानातलं उंचीचं घड्याळ फुटांत होतं, लिंडनर आणि फोग्ट दोघंही फुटांतच बोलायचे. मीटर ही युद्धातल्या जर्मन वैमानिकांची सवय.

मी विचारलं, उंची कोण वाचतंय?

फोग्ट म्हणाला, कुणीच नाही, आम्ही आहोत तिथेच आहोत, काटा पाच हजार फुटांवर आहे. म्हणजे साधारण दीड हजार मीटर.

"हजार," आवाज म्हणाला. "नऊशे पन्नास."

पोटातून मलाही जाणवत होतं की आपण खाली चाललोय — लिफ्ट हळू उतरावी तसं. आणि तो आवाज... कसं सांगू? त्याला घाई नव्हती. खाली डोंगर आहे हे त्याला माहीत होतं, आणि तरीही त्याला घाई नव्हती. मला माझ्या यंत्रापासून उठून पुढे जायचं होतं, पण मी आसन धरून बसून राहिलो.

"नऊशे," तो म्हणाला, आणि एकदम दोन्ही इंजिनं किंचाळली. लिंडनरांनी पूर्ण ताकद दिली होती. फोग्ट ओरडत होता की हे काय करताय, उंची बरोबर आहे. विमान जडपणे नाक वर करू लागलं, आणि त्याच क्षणी खालचा ढग फाटला. खिडकीतून मला देवदाराचे शेंडे दिसले. इतके जवळ, की फांद्यांवरचा बर्फ आमच्या वाऱ्याने उडताना दिसला. मग पुन्हा राखाडी.

ब्राउनश्वाइगच्या धावपट्टीवर विमान उभं राहिलं तरी उंचीचा काटा पाच हजारांवरच होता. बाहेरची हवा त्या यंत्रापर्यंत नेणारं बारीक भोक बर्फाने बुजलं होतं. बर्फाच्या ओझ्याने विमान खचत होतं आणि काटा जागच्या जागी अडकला होता. इथपर्यंत सगळ्याला कारण आहे. मी प्रोफेसरांना हेच लिहून दिलं.

पण इंजिनं बंद झाली होती. विमानातली वीज फोग्टने माझ्यासमोर बंद केली, दिवे गेले. ते दोघं शिडी उतरून गेले. मी एकटा मागे सामान आवरत होतो, हेडफोन अजून गळ्यात होते. त्यातून तोच आवाज आला, हळू, अगदी कानाशी.

"नोख निश्ट."

म्हणजे — अजून नाही.

मी ते हेडफोन कसे फेकले आणि शिडीवरून कसा खाली आलो, मला आठवत नाही. गुडघा फुटला होता, तो घरी गेल्यावर दिसला.

पुढच्या रविवारी दुपारी लिंडनर आमच्या खोलीवर आले. हातात मालतीसाठी फुलं. मालतीने रव्याचा शिरा केला होता, तो त्यांनी संपवला आणि मग मला विचारलं की मी नक्की काय ऐकलं. मी ढगात ऐकलेले आकडे सांगितले. आवाज नाकातला होता हे सांगितल्यावर त्यांचे डोळे भरून आले.

तो विली होता, म्हणाले. युद्धात त्यांच्या विमानात मार्ग सांगणारा सोबती, नॅव्हिगेटर. ढगात उतरताना त्यांच्या पाठीमागे बसून तोच उंची वाचायचा. एकदा बर्फातच त्यांचं विमान पडलं, पेटलं. लिंडनर बाहेर फेकले गेले, विली आत राहिला. त्याच्या हाका बराच वेळ ऐकू येत होत्या... एवढंच म्हणाले आणि थांबले.

मी त्यांना ते "अजून नाही" सांगितलं. मला वाटलं, घाबरतील. ते हसले. म्हणाले, "तो तसाच होता. चाकं थांबायच्या आत मी पट्टा सोडायला लागलो की म्हणायचा, अजून नाही. पंधरा-सोळा वर्षांनी परत आलाय, हेर पेंडसे. मी आता घाबरत नाही."

त्या माणसाला इतकं आनंदात मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि का कोण जाणे, मला ते आवडलं नाही.

मालती त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेली. परत आली ती पांढरीफटक. तिला तेव्हा जर्मन फारसं येत नव्हतं, आमचं बोलणं तिला निम्मंही कळलं नव्हतं. ती खुर्चीवर टेकली आणि म्हणाली, "अहो, ते एकटेच आले होते ना?"

मी म्हटलं, हो. का?

"खालचं दार उघडून ते धरून उभे राहिले. कुणीतरी मागून येतंय म्हणून धरतात तसं. मग मान हलवली आणि नंतर स्वतः गेले." मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "तुम्ही त्या विमानात परत बसायचं नाही. माझी शपथ आहे."

शपथ नसती तरी मी बसलो नसतो. प्रोफेसर नाराज झाले, प्रबंधाचं एक प्रकरण अर्धवट राहिलं. विमान तपासून, दुरुस्त होऊन कंपनीच्या मालवाहतुकीला लागलं. मी लिंडनरांना हँगरवर जाऊन भेटलो आणि जमेल तेवढं सांगितलं — की त्या आवाजावर विसंबू नका, मला तो चांगला वाटला नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. जा, जा, म्हणाले, लहान मुलाची समजूत काढावी तसं.

फेब्रुवारीत ते विमान पडलं. कासेलच्या बाजूला, ढगात उतरताना एका जंगली टेकडीवर. लिंडनर जागीच गेले. फोग्ट वाचला, दोन्ही पाय मोडून. त्याने निरोप पाठवून मला बोलावून घेतलं. मी दवाखान्यात गेलो तेव्हा खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं आणि तो भिंतीकडे बघत होता. त्याचा सगळा मिस्कीलपणा गेला होता.

तो सांगत गेला, मी ऐकत गेलो. त्या दिवशी यंत्रं ठीक होती. उंचीचा काटा बरोबर चालत होता, हजार फुटांच्या, म्हणजे तीनशे मीटरच्याही खाली गेला होता. फोग्टने सांगितलं, फार खाली आलोय, वर चला. लिंडनर काट्याकडे बघतच नव्हते. मान एका बाजूला कलती करून ऐकत होते. फोग्टने पुन्हा ओरडून सांगितलं, त्यांचा दंड धरून हलवला.

"माझ्याकडे बघून हसले," फोग्ट म्हणाला. "म्हणाले, काटा अडकलाय, विली आठशे मीटर म्हणतोय. मी स्वतः दांडा ओढला, पण तोवर झाडं आली होती."

त्याला स्वतःला काही ऐकू आलं होतं का, मी विचारलं. नाही, म्हणाला. दोन्ही वेळा नाही.

बाहेर नर्सच्या ढकलगाडीचा आवाज येत होता. तपासणी करणाऱ्यांना हे सगळं सांगितलंत का, असं मी विचारलं. त्याने मान हलवली, नाही. त्यांनी कारण दिलं होतं, वैमानिकाची चूक. ते कारण खोटं आहे असं मी तरी कसं म्हणू? माणूस खचलेला होता, जुनी आठवण डोक्यात शिरली, आवाज भासला... हे सगळं पटतं. पण मग हार्झवर मला कोण ऐकू आलं? विली नावाचा माणूस होता हेही तेव्हा मला ठाऊक नव्हतं. साठ वर्षं मी हे उलटसुलट करून पाहिलं. जमत नाही.

मी निघालो तेव्हा फोग्टने मला थांबवलं. "तुम्ही त्याला ऐकलंत," तो म्हणाला. "मला एकच सांगा. तो त्यांच्यावर चिडलेला होता का?"

मी खूप वेळ आठवून पाहिलं. खोटं सांगून त्याला बरं वाटलं असतं, पण तो ज्या नजरेने बघत होता तिच्यासमोर ते जमलं नाही. मी म्हटलं, नाही. त्या आवाजात राग नव्हता. मायाही नव्हती. त्याच्याकडे भरपूर वेळ होता, एवढंच मला कळलं.