आधी डावं-उजवं

कमळाक्का नव्या माणसाला 'या, बसा' म्हणत नसत. आधी त्याचा गळा बघत, मग खांदे, आणि बिचारा चपला काढेपर्यंत त्याच्या हाडांचा निकाल लावून मोकळ्या होत. "तुझी डावी बरगडी लहानपणीं मोडली होती कीं रे?" असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत विचारलं. मोडली नव्हती. पण त्या इतक्या खात्रीने बोलल्या की त्या दिवसापासून ढगाळ हवेत ती मला दुखते.

कुंभकोणमच्या एका इस्पितळात त्यांनी जन्मभर एक्स-रे काढले. फिल्मवर डावी-उजवी बाजू कळावी म्हणून शिशाचं अक्षर ठेवतात. ते ठेवायला विसरलेल्या शिकाऊ पोरींना त्या असा दम भरत की कावेरीला उलटं पाणी यावं. "आधीं डावं-उजवं पाहा, मग रोग पाहा. नाहींतर डॉक्टर चांगला पाय कापेल आणि सडका घरीं पाठवेल."

आम्ही इथले मराठी. पूर्वज तंजावरच्या राजामागोमाग आले, आणि परत जायचं राहून गेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. बाकी वैभव आटलं, पण कुळाचा ताठा अजून किलोवर मिळतो. त्या ताठ्यानेच कमळाक्कांची आई खाल्ली.

महायुद्धात गावाबाहेरच्या एका धर्मशाळेत, ब्रह्मदेशच्या आघाडीवरून आलेले जखमी सैनिक बरे होईपर्यंत ठेवत. कमळाक्कांचे वडील नोकरीसाठी रंगूनला गेलेले. त्यांची खबर नव्हती. काकांनी परस्पर ठरवून टाकलं की भाऊ मेला, आणि वहिनीला नाकातली चमकी काढायला सांगितलं. ती म्हणाली, बातमी येईपर्यंत मी सवाष्ण. आणि गेली धर्मशाळेत, परिचारिका व्हायला. तिकडून येणाऱ्या प्रत्येक सैनिकाच्या जखमा धुताना ती नवऱ्याबद्दल विचारी. परक्या पुरुषांची अंगं पुसते म्हणून काकांनी तिला दार बंद केलं, तान्ही पोर ठेवून घेतली, आणि लग्नाच्या फोटोतून तिचं तोंड कात्रीने काढून टाकलं. वडिलांची खबर आलीच नाही, आणि वर्षभरात आईही तिथेच तापाने गेली. कमळाक्का वाढल्या त्या एका भोकाकडे बघत. फोटोत शालू होता, बांगड्या होत्या, आणि मानेच्या वर भिंत.

त्यांच्या म्हातारपणी गावातला जुना फोटो स्टुडिओ बंद पडला. तिथल्या अडगळीत धर्मशाळेतल्या सैनिकांच्या काचेच्या निगेटिव्हा निघाल्या. बरी झालेली तुकडी परत निघाली की परिचारिकांसकट तिचा फोटो काढायची रीत होती. काचा भंगारात जाणार होत्या. कमळाक्कांनी त्या घरी आणल्या. एक्स-रे बघायची दिव्याची पेटी त्यांच्याकडे होतीच. काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं वाचण्यात उभा जन्म गेलेला. त्या पेटीसमोर बसत आणि सैन्याची हजेरी घेत.

मग बातमी पसरली आणि लोक येऊ लागले. गढवालहून, पंजाबातून, केरळातून. येताना आजोबांचा म्हातारपणीचा फोटो आणत, कमळाक्का जबडा जुळवत, कानाची पाळी जुळवत, आणि एक बोट काचेवर ठेवत: "हा घ्या तुमचा आजा." लोक त्यांच्या पायाशी बसून रडत, आणि शेजारी म्हणून मी कॉफी करकरून दमलो. मी तर म्हणतो, त्यांनी इतके सैनिक ओळखले की इंग्रजांना पुन्हा एक युद्ध करता आलं असतं.

फक्त आपल्या आईचा जबडा जुळवायला त्यांच्याकडे काही नव्हतं. एकच खूण होती. आमच्या बायकांची चमकी डाव्या नाकपुडीत, तमिळ बायकांची उजव्या. आणि त्या धर्मशाळेत आमच्यातली तेवढी एकच होती. एका काचेवर मधे हात तुटलेला सुभेदार, आणि दोन बाजूंना दोन परिचारिका. एकीची चमकी डावीकडे. कमळाक्का ती काच धरून उठल्या ते थेट तिघांचा फोटो करून आणायला, आणि डाव्या चमकीचा चेहरा मोठा करून भिंतीवर लावायला. त्या रात्री लहान मुलासारख्या दर घटकेला विचारत होत्या, "माझें कपाळ तिचें आहे कीं नाहीं? बघ कीं!" मी म्हटलं, अगदी तेच. मी काय, कुणालाही अशी थाप देतो.

दुसरी, उजव्या चमकीची, चोळपुरमच्या विशालाक्षीबाईंना मिळाली. त्यांचीही आई त्याच धर्मशाळेत परिचारिका होती, तमिळांतली एकटीच, त्याच तापात गेलेली. यांनीही तोंड पाहिलेलं नाही. "ही डावी माझी, ही उजवी तुझी. वाटणी झाली, आतां भांडण नाहीं," असं म्हणत कमळाक्कांनी स्वतःच्या हाताने तो चेहरा मोठा करवून, चौकटीत घालून, चोळपुरमला पोचवला.

पुढे त्या सुभेदाराचा नातू साताऱ्याकडून आला. कमळाक्कांचं बोलणं ऐकून हसला. "आजी, तुम्ही बखरीतून बोलता."

"आणि तूं रे? मराठी बोलतोस कीं हिंदी सिनेमा?"

पेटीशेजारच्या त्या तिघांच्या फोटोपाशी जाऊन त्याने सुभेदारावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "चेहरा आजोबांचाच आहे. पण यात उजवा हात नाही. त्यांचा डावा गेला होता. उजव्याने मी चिकार थपडा खाल्ल्यात."

मी हसलो. कमळाक्का हसल्या नाहीत. उठल्या, काच काढली, पेटीवर ठेवली, आणि पालथी केली. सुभेदाराचा उजवा हात परत आला. चमक्यांनी नाकपुड्या बदलल्या. पेटीवर काच उलटी ठेवली होती ती त्यांनीच, आणि फोटोवाल्याला 'अशीच छाप' म्हणून सांगितलं होतं तेही त्यांनीच. काचेवर शिशाचं अक्षर नव्हतं.

"चांगला पाय कापलें रे," एवढंच बोलल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही चोळपुरमच्या बसमध्ये होतो. त्या वाटभर घोकत होत्या: "सरळ सांगतें. माझी मज दे, तुझी तूं घे. त्यांत काय?" विशालाक्षीबाईंना आता जवळजवळ दिसत नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा त्या चौकटीच्या काचेवरून बोटं फिरवत होत्या. गुडघे दुखतात, सून भातात मीठ कमी घालते, सगळ्या तक्रारी त्या फोटोला सांगून झाल्या, मग कमळाक्कांचा हात धरून तमिळमध्ये म्हणाल्या, "अक्का, तुम्ही मला आई आणून दिलीत. आता मरायला भीती नाही."

कमळाक्कांनी कॉफी घेतली. फोटोकडे एकदा पाहिलं, जसं कुणी दुसऱ्याच्या ताटाकडे पाहतं. उठल्या. परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "का नाही सांगितलंत?"

"तिजला दिसत नाहीं. मजला दिसतें. कोण सोसेल सांग!" मग म्हणाल्या, "माझ्या भिंतीवर तिची आई आहे. परकी ठेव. नीट सांभाळायला हवी." आणि त्या दिवसापासून भिंतीवरच्या त्या परक्या बाईला रोज ताजा हार.

आता काकांच्या घराण्याचा प्रताप ऐका. युद्धातल्या परिचारिकांचं कौतुक करायची टूम निघाली, तशी काकांचा नातू सुरेंद्रराव याला आपली आजी आठवली. मागे कमळाक्कांच्या भिंतीवरून मोबाइलवर घेतलेला चेहरा त्याने दाराएवढा मोठा करून घेतला, आणि मंगल कार्यालयात समारंभ केला. ज्यांच्या आज्याने तोंड कापलं, ते तोंडाला चंदन लावत होते. भाषण असं की जणू घराण्यानेच तिला वाजतगाजत आघाडीवर धाडली. व्यासपीठावर बसलेल्या कमळाक्कांच्या कानाशी मी वाकलो. "सांगू का? आत्ता, माइकवर?"

"गप्प बस."

"अहो पण ती दुसरीच—"

"असूं दे. खरी होती तेव्हां कात्री घेतले. आतां खोटी घ्या म्हणावें. नमस्कार करूं दे चांगले वाकून." आणि त्यांनी टाळी वाजवली. इतकी कडू टाळी मी ऐकलेली नाही, आणि मी थापा मारत नाही त्यातलं हे एक.

त्या गेल्या वर्षी गेल्या. सुरेंद्ररावाने त्यांचा फोटो त्या मोठ्या फोटोशेजारी लावला. तेराव्याला जेवून उठलेले लोक ढेकर देत म्हणत होते, "नाक बघा, हुबेहूब आईचं." मी ताकाचा पेला खाली ठेवला आणि चोळपुरमची बस पकडली.

विशालाक्षीबाई पडवीत बसल्या होत्या. मी सांगितलं, कमळाक्का गेल्या. भिंतीला धरत आत गेल्या, चौकट चाचपली, आणि आपल्याच आईला सांगावं तसं हळू सांगितलं, "अम्मा, ती मराठी अक्का गेली गं. तुला इथे घेऊन आली होती ना, ती."

माझ्या जिभेवर एकही थाप आली नाही. मी आणलेला हार त्यांच्या हातात दिला.