सुनंदाच्या अंगठ्याचा वेग

सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुलुंडला चष्म्याच्या दुकानात, एक डोळा झाकून समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचत होते. पलीकडून श्रीकांतराव, तिचे यजमान, एवढंच म्हणाले, "नीलाताई, झालं." मी काय झालं म्हणून विचारलंसुद्धा नाही. तशीच उठले. त्यांच्या घरी पोहोचले तर दार उघडंच होतं आणि ते तिच्या खाटेशेजारी खुर्चीत बसले होते, तिचा पंजा स्वतःच्या दोन्ही हातांत धरून. "सकाळी अंग पुसलं, वेणी घातली. मग श्वास लांबत लांबत गेला," ते म्हणाले. "त्रास नाही झाला हो तिला..." आपण सगळेच असं म्हणतो. गेलेल्या माणसाबद्दल दुसरं काय म्हणणार! पण हे तिनं स्वतः मागितलेलं मरण होतं, आणि ते मागता यावं म्हणून त्या घरात जो आकांत चालला होता तो मी पाहिलेला होता. त्याबद्दलच लिहायचं आहे.

सुनंदानं आणि मी मुलुंडच्या एका मराठी शाळेत बरोबर शिकवलं. ती भूमिती, मी मराठी. तिचं बालपण लालबागच्या चाळीतलं, वडील मालवणहून येऊन गिरणीत लागलेले, त्यामुळे बोलणं फटकळ आणि आवाज असा की तिचा वर्ग कुठला ते जिन्यात कळायचं. "वाटतं म्हणून काय सांगतोस? सिद्ध कर ना!" हे तिचं वाक्य शाळेत इतकं पसरलं होतं की आम्ही शिक्षकसुद्धा डब्यातल्या भाजीवरून ते एकमेकींना ऐकवायचो. मुख्याध्यापकांशी भांडून तिनं मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह करून घेतलं. माझ्याशी भांडून तिनं मला गाडी चालवायला शिकवलं. तिच्याशी गप्पा म्हणजे निम्मं भांडणच, आणि मला ते फार आवडायचं.

मग एका वर्षी तिच्या हातून खडू निसटायला लागला. आधी हसण्यावारी नेलं. नंतर जिन्यात पाय अडखळायला लागला, बोलणं जड झालं, आणि डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. मज्जारज्जूतून स्नायूंना हुकूम पोहोचवणाऱ्या पेशी एकेक करून मरतात. बुद्धी शाबूत राहते, कानांना ऐकू येतं, अंगाला खुपलेलं कळतं, फक्त काही हलत नाही. तिचा आजार सावकाश सरकणारा निघाला. डॉक्टर त्याला नशीब म्हणाले. आवाज गेला, हात गेले, घास गिळणं गेलं, पोटात नळी बसवून त्यातून पातळ अन्न द्यायला लागले. उरला एक डावा अंगठा. तोही किती? तांदळाचा दाणा सरकवता येईल इतपत.

त्या अंगठ्यावर तिला बोलतं केलं तिच्या धाकट्या भावानं. विलास बोरिवलीला राहायचा, चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत पाकिटं भरणाऱ्या यंत्रांची नियंत्रणं बनवायच्या कारखान्यात कामाला. तिथली यंत्रं एक्सपी या जुन्या विंडोजवर चालणाऱ्या कॉम्प्युटरला जोडलेली असत, प्रिंटरची रुंद पिनांची केबल लागते त्या जुन्या जागेतून. विलासला तेच येत होतं, म्हणून त्यानं तेच केलं. कारखान्यातून निघालेला एक कॉम्प्युटर, अंगठ्याचा स्पर्श त्याला कळवणारी एक छोटी डबी, आणि डबीला जोडलेली, अंगठ्याखाली बसेल अशी पट्टी. पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकामागून एक उजळत जायच्या. हवी ती ओळ आली की अंगठा, मग हवं ते अक्षर आलं की पुन्हा अंगठा. तिचं पहिलं पूर्ण वाक्य माझ्यासाठी होतं. 'नीला तुझा ब्लाउज भयानक आहे.' आम्ही दोघी रडलो. म्हणजे मी रडले, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

कित्येक वर्षं ती त्यावर बोलली. पोटातल्या नळीनं जेवायची, आमच्या बरोबरीनं चहाही त्याच नळीतून घ्यायची, पण स्वयंपाकघरातून वास आला की लिहायची, 'फोडणी जळली.' शेजारच्या मुलांना प्रमेयं समजावायची. श्रीकांतरावांशी रुसायची सुद्धा. रुसली की लिहायचीच नाही.

या उन्हाळ्यात तो कॉम्प्युटर बंद पडला. दुपारी जळका वास आला आणि पडदा काळा झाला. विलास धावत आला, खोलून बघितलं, आतला बोर्डच गेला होता. डिस्कही गेली. त्याच्याकडे पेन ड्राइव्हवर चालता प्रोग्राम होता, पण तो ज्यातून बनवला ते मूळ लिखाण त्या डिस्कबरोबर गेलं, म्हणजे प्रोग्राम आहे तसा चालवता येईल, बदलता येणार नाही. "नवीन लिहितो," तो जिन्यात मला म्हणाला, "पण महिने लागतील नीलाताई. ताईकडे महिने आहेत काय?"

नव्हते. त्याच सुमारास तिचा श्वास उथळ व्हायला लागला होता. घरी येणाऱ्या डॉक्टर बाई शांतपणे म्हणाल्या होत्या की आता केव्हाही छाती भरेल, त्या वेळी गळ्याला भोक पाडून नळी घालायची आणि श्वासाच्या यंत्रावर ठेवायचं की नाही, हे आत्ताच ठरवून ठेवा. "त्यांना स्वतःला विचारा," त्या म्हणाल्या. श्रीकांतरावांनी विचारलं. वर बघितलं तर हो, डोळे मिटले तर नाही, अशी खूण ठरली होती. तिनं वर बघितलं. संध्याकाळी पुन्हा विचारलं तर डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी तिनं काहीच केलं नाही, नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. श्रीकांतराव स्वयंपाकघरात येऊन ओट्याला धरून उभे राहिले. "मी काय समजू? नळी घातली आणि तिला नको असली तर? नाही घातली आणि हवी असली तर? मी कसं जगू, सांगा मला..."

डोळ्यांची हालचाल टिपणारं यंत्र भाड्यानं आणून बघितलं. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याची पापणी लोंबलेली. यंत्राला तिची नजर सापडेना. मी पुठ्ठ्यावर बाराखडी लिहून नेली आणि एकेक अक्षरावर बोट ठेवत गेले. 'क' वर तिनं वर बघितलं. मग काना. "का?" मी म्हटलं, "काळजी? काळजी वाटतेय?" डोळे मिटले. "काकू? काढू? काय काढू?" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, मग पाण्यामुळे खूण कळेना, मग ती दमून गेली. रोज तेच. रोज 'का' पर्यंत पोहोचायचं आणि तिथून पुढे आम्ही दोघं मोठी शहाणी माणसं अंदाज बांधत सुटायचो. एकदा श्रीकांतराव म्हणाले, "का मी जगतेय, असं म्हणते आहे ती." मी त्यांना गप्प केलं, पण मलाही तेच वाटत होतं.

विलास रोज कारखाना सुटला की बोरिवलीहून मुलुंडला यायचा. आधी त्यानं कुठूनसा दुसरा जुना कॉम्प्युटर मिळवला, तो प्रोग्राम चढवायच्या आधीच, दोन दिवसांत मेला. "भंगारावर ताईचा आवाज ठेवतोय मी," असं स्वतःलाच शिव्या घालत त्यानं नवा करकरीत कॉम्प्युटर आणला. त्यावर प्रोग्राम उघडला, पडद्यावर अक्षरांचा तक्ता आला, आम्ही टाळ्या वाजवल्या... पण डबी जोडायला जागाच नाही. ती रुंद केबल आता कुणी ठेवतच नाही. बाजारातून जोडणी आणली, ती प्रिंटरशीच बोलायची, डबीशी नाही. नव्या विंडोजच्या आत जुन्या एक्सपीचा खोटा कॉम्प्युटर उभा करून बघितला. तो दिसायला हुबेहूब, पण डबीचा स्पर्श त्याच्यापर्यंत पोहोचेना. "थेट एक्सपीच घालायला पाहिजे ह्याच्यावर," विलास म्हणाला, "आणि डबीला खरी जागा पाहिजे."

लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात हिंडून त्याला कळलं की काही नव्या बोर्डांवर त्या जुन्या केबलसाठी पिनांची रांग अजून असते, बाहेर दिसत नाही एवढंच. तसा बोर्ड त्यानं शोधून आणला. आता एक्सपी. सीडी घातली, निळा पडदा आला, 'पुढे जाण्यासाठी कळ दाबा', आणि कीबोर्ड मेलेला. जुन्या एक्सपीला नवे सॉकेट ओळखताच येत नव्हते. गोल पिनेचा जुना कीबोर्ड आणला. तर एक्सपीला डिस्क दिसेना. डिस्क दिसावी म्हणून सीडीच नव्यानं बनवली. तर मध्येच सगळं कोसळून इंग्रजी अक्षरांचा निळा पडदा. पुन्हा. पुन्हा. प्रत्येक वेळी सुनंदा खाटेवरून बघत असायची. तिला सगळं कळत होतं. विलास तिच्याकडे पाठ करून बसायचा, तरी त्याच्या खांद्यांवरून तिला कळायचंच. एका संध्याकाळी तो गॅलरीत जाऊन भिंतीवर कपाळ टेकून उभा राहिला. "लहानपणी मला भूमिती हिनंच शिकवली. मारून शिकवली. आणि मला एवढं जमत नाही." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्याच आठवड्यात तिला ताप आला आणि छातीत घरघर सुरू झाली. औषधानं ताप उतरला, पण डॉक्टर बाई जाताना म्हणाल्या, "पुढच्या वेळी नाही उतरणार."

आणि एका रविवारी एक्सपी चालू झाली. ते हिरव्या टेकडीचं चित्र पडद्यावर आलं तेव्हा कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत, धीरच नव्हता. विलासनं डबी जोडली, तिच्या अंगठ्याखाली पट्टी सरकवली. "चल गो ताये," तो मालवणीत म्हणाला, "बोल आता." प्रोग्राम उघडला, आणि अक्षरं सुसाट पळायला लागली. ओळी उजळतात की विझतात ते माझ्या धड डोळ्यांनाही दिसेना. प्रोग्रामचा वेग त्या जुन्या कॉम्प्युटरच्या कूर्मगतीवर बेतलेला होता. नवा त्याच्या कितीतरी पट जोरात धावत होता. सुनंदाचा अंगठा हलला, पडद्यावर उमटलं, 'झणढ'. पुन्हा हलला. 'षठ'. तिच्या घशातून एक आवाज आला. इतक्या वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. जनावराच्या गळ्यातून येतो तसला. श्रीकांतराव खोलीबाहेर निघून गेले.

विलास मात्र हलला नाही. बराच वेळ त्या पळणाऱ्या अक्षरांकडे बघत बसला. मग म्हणाला, "ह्याला दमवायला पाहिजे." त्यानं कॉम्प्युटर बंद करून सुरुवातीच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याची जेवढी ताकद काढून घेता येईल तेवढी घेतली. मग एक बिनकामाची बेरीज लिहिली, कधी न संपणारी, आणि ती त्याला करायला लावली. अक्षरं जरा मंदावली. आणखी एक तशीच बेरीज लावली. आणखी एक. पंखा घोंघावायला लागला, पेटी तापली, आणि ओळी हळूहळू, एकेक करून, पूर्वीसारख्या उजळायला लागल्या. "ताये, पुरे? का अजून?" तिनं डोळे मिटले. त्यानं आणखी एक लावली. तिनं वर बघितलं.

मी श्रीकांतरावांना हाक मारली. आम्ही तिघं खाटेपाशी उभे राहिलो. क. काना. न. मग मोकळी जागा. मग द, उकार... मनाशी मी तयारी करत होते, मरणाबद्दलच्या वाक्याची. पडद्यावर उमटलं, 'कान दुमडतो.'

कुणाला काही समजेना. मग पुढचा शब्द आला, 'उजवा'. श्रीकांतरावांनी तिचं डोकं अलगद उचललं. उजव्या कुशीवर वळवताना तिचा कान उशीखाली मुडपत होता. तासन्‌तास. रोज. तो कान लालबुंद होऊन कडेला सोलवटला होता, केसांखाली, आम्हाला कुणाला दिसला नव्हता. श्रीकांतरावांनी तो सरळ केला, त्यावर हात ठेवला आणि लहान मुलासारखे रडले. "सांगायचं ना गं... सांगायचं ना..." तिनं वर बघितलं. मग पडद्यावर आलं, 'सांगत होते.'

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बाईंना बोलावलं. सुनंदानं त्यांना आधी प्रश्न विचारला, कारण तिच्याकडे प्रश्न होता आणि आम्ही तिला फक्त उत्तर मागत होतो. 'नळी घातली तर घरी?' बाईंनी काही लपवलं नाही. बहुतेक रुग्णालयात राहावं लागेल, घरी आणलं तर चोवीस तास नर्स, आणि पुढे कधीतरी हा अंगठाही जाईल. "मग तुम्ही जाग्या असाल, पण काही सांगू शकणार नाही." श्वासाचा त्रास होऊ नये म्हणून घरीच औषध देता येतं, तेही सांगितलं. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग तिनं लिहिलं. 'नळी नको. घरी. औषध द्या.' बाईंनी विचारलं, "नक्की?" आणि मला वाटतं तिच्या डोळ्यांत क्षणभर ती जुनी वर्गातली सुनंदा चमकून गेली. 'सिद्ध करू का?'

बाई हसल्या, आम्हीही हसलो, आणि हसता हसता श्रीकांतराव खाली बसले. तेव्हा तिनं पुन्हा अंगठा हलवायला घेतला. ते सगळ्यांत लांब वाक्य होतं, मध्ये ती दोनदा थांबली. 'अहो. हे मी ठरवलं. तुम्ही नाही. लक्षात ठेवा.'

त्यानंतर ती थोडेच दिवस होती. अंगठा विझत गेला, पण तोवर तिचं बोलून झालं होतं. विलासला तिनं मालवणीत लिहिलेलं मी वाचलं नाही, तो दोघांचा मामला. मला लिहिलं, 'ये रोज.' मी रोज गेले.

परवा पुन्हा गेले. विलास मागच्या रविवारी येऊन डबी बोरिवलीला घेऊन गेला. भाड्याची खाटही परत केली, तिथं आता नुसती भिंत आहे. श्रीकांतराव बाहेरच्या खोलीत बसले होते. मी विचारलं, "चहा टाकू का?" ते काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. आम्ही दोघं आतल्या खोलीच्या दाराकडे बघत बसलो होतो, आणि मला कळलं की आम्ही थांबलो आहोत. त्या घरात काहीही विचारलं की थांबायचं असतं, तिचं वाक्य पुरं होईपर्यंत मध्ये बोलायचं नसतं. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "टाका. तिघांचा नको."