उन्हात आलेला पूर

मे महिना होता. धायरीतल्या आमच्या नव्या सोसायटीच्या गच्चीवर आईच्या कुरडया वाळत होत्या आणि तळमजल्यावरच्या घरात बाबा पडून होते. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम आठवडा झाला होता. दोघांनी धरल्याशिवाय त्यांना पलंगावरून उतरता येत नसे. दुपारी गडगडायला लागलं तसे तेच म्हणाले, "जा दोघी वर. मी काही पळून जात नाही."

गच्चीवर अख्खी सोसायटी लोटली होती. भराभर वाळवण गुंडाळलं आणि बघतो तर पाऊसच नाही! वळीव मागच्या डोंगरावर ठाण मांडून बसला होता. तिकडे काळंकुट्ट, आणि आमच्या अंगावर चक्क ऊन. वळीव म्हणजे कसा, येतो, धिंगाणा घालतो, जातो. हा हलायलाच तयार नाही. का बरं? वर वारा पडला असेल? की डोंगराने धरून ठेवलाय? खराडीच्या ऑफिसात दिवसभर स्क्रीनकडे बघणारी मी, हरखूनच गेले. ढगाची कड पाण्याच्या टाकीशी जुळवून तो सरकतो का ते बघत बसले. कड काही टाकी सोडेना.

"नसत्या चौकशा! चादर धर आधी," आई खेकसली.

"तिकडेच पडू दे बाई त्याला," वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या. आम्ही सगळ्यांनी वाळवण पुन्हा पसरलंसुद्धा.

तेवढ्यात खालून घरघर ऐकू आली. वाकून पाहिलं तर भर उन्हात फाटकातून गढूळ पाणी आत घुसत होतं. चपला, कुंड्या, एक आडवी झालेली स्कूटर, सगळं फिरत होतं. इथे टिपूस नाही, मग हे आलं कुठून? मी खरंच तेच कोडं सोडवत उभी राहिले. डोंगरावर पडलेलं सगळं ओढ्याने खाली येत होतं आणि ओढ्याच्या वाटेत आमची भिंत होती. हे लक्षात आलं आणि खाली घरात कोण आहे तेही आठवलं. बाबा!

जिने कसे उतरले, देव जाणे. कसंबसं दार ढकललं. घरात मांडीभर पाणी, गादी चिंब, आणि बाबा भिंतीला पाठ लावून बसलेले, वॉकर छातीशी कवटाळून.

"या," ते म्हणाले. "वाचल्या का कुरडया?"

मला हसूही आलं आणि रडूही. अस्सा राग आला त्यांचा! शेजारच्या दोघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून पहिल्या मजल्यावर नेलं. टॉवेल आले, चहा आला, चहात साखर कमी असल्याचंही बाबांचं सांगून झालं. माझं मनगट मात्र ते सोडेनात.

लोक पांगल्यावर त्यांनी मला जवळ ओढलं. आवाज पार बसला होता त्यांचा.

"किती हाका मारल्या गं मी," ते म्हणाले.